‘आपले’ आणि ‘माझे’

“पट्ट्याला आतून कापड लावलंत का ओ ताई?” सारिकानं विचारलं.

ती माझ्याकडे पाठ करून, हात वर धरून उभी होती आणि मी तिच्या स्लिपवरून माईकच्या डबीचा पट्टा बांधत होते.

“लावलंय. सुती आहे, घासणार नाही आता.”

“पण घासतंय हे तुम्हाला कुणी सांगितलं? मी तर कुणापाशी बोलले नाही.”

“अंदाज केला.”

अंदाज कसला डोंबलाचा! मी ऐकलं होतं. दोन दिवसांपूर्वी शार्दूल वरच्या गच्चीत उभा राहून एकटाच बोलला होता, “बिचारीची कंबर सोलून निघालीय त्या पट्ट्यानं, आणि ही मुलगी काही कुणाला सांगायची नाही.” आसपास चिटपाखरू नव्हतं. प्रेमात पडलेली माणसं स्वतःशी बोलतात म्हणे, असं समजून मी हेडफोन लावल्या लावल्या हसले होते. मग दुसऱ्या दिवशी रात्री माईक काढून घेतल्यावर माझ्या जुन्या ओढणीचा तुकडा फाडून पट्ट्याला आतून टाचून टाकला. माझा सगळा मूर्खपणा त्या तुकड्यापासून सुरू झाला, पण तेव्हा मला स्वतःचं कौतुकच वाटलं होतं.

अकरा वर्षं झाली याला. ‘गाठ पडली’ नावाचा कार्यक्रम होता. वाईच्या पुढं, धोम धरणाच्या काठावर एक मोठा बंगला भाड्यानं घेतला होता. सहा मुलं, सहा मुली, दीड महिना मुक्काम. मोबाईल पहिल्याच दिवशी जमा. त्यांनी आपापसांत जोड्या जमवायच्या, प्रेक्षकांनी मतं द्यायची आणि शेवटी एक जोडी जिंकणार. बक्षीस तीस लाख रुपये.

मी आवाजाच्या विभागात असिस्टंट होते. मुलींच्या अंगाला माईक लावायला मुलगीच हवी, एवढ्या एका कारणासाठी मला घेतलं होतं. सकाळी आठ वाजता माईक लावायचे आणि मग दिवसभर मागच्या खोलीत हेडफोन लावून बसायचं. घरातलं प्रत्येक माणूस काय बोलतं, कण्हतं, पुटपुटतं, सगळं माझ्या कानात. माझे साहेब म्हणजे दिगूदादा, साताऱ्याचे, पंचवीस वर्षं या धंद्यात मुरलेले. पहिल्या दिवशी त्यांनी मला एकच गोष्ट बजावली होती.

“शलाका, कानात आलं ते कानातच ठिवायचं. तोंडावर नाही, हातावर नाही. त्यांना पाणी लागलं तरी आपल्याला ऐकू आलंच नाही असं वागायचं. आपण ऐकतो हे त्यांना ठाऊक असतं, पण ते विसरले पायजेत.”

हातावर नाही, हे मी विसरले. ओढणीचा तुकडा टाचून बसले. करारात तर चक्क कलम होतं, की स्पर्धकांशी कामापलीकडे बोललं तर नोकरी गेली आणि वर पाच लाखांचा दंड. माझा पगार तेव्हा अठरा हजार होता आणि पुण्यात भावाच्या घरी राहत होते, वहिनीच्या तोंडाकडे बघत. नोकरी गेली असती तर मला गावी, गिरवीला परत जाऊन बसावं लागलं असतं.

सारिका बारंगुळे बार्शीची. चोवीस वर्षांची, सावळी, हात मोठे आणि मजबूत. फिजिओथेरपी शिकली होती आणि एका डॉक्टरांकडे सहा हजारांवर राबत होती. तिचं स्वप्न अगदी लहान आणि अगदी पक्कं होतं. बार्शीच्या स्टँडजवळ एक गाळा, त्यात दोन पलंग, शेकायचं मशीन आणि दारावर स्वतःच्या नावाची पाटी. गाळा तिनं बघूनसुद्धा ठेवला होता. कॅमेऱ्यासमोर इतर मुली परदेशी फिरायला जायच्या गप्पा मारायच्या, तेव्हा ही त्या गाळ्याचं शटर कुठल्या रंगाचं असावं ते सांगायची. लोकांना ती त्यासाठीच आवडली.

शार्दूल देशमाने नाशिकचा. दिसायला देखणा होताच, पण त्याचं खरं भांडवल म्हणजे आवाज. आवाजातलं मला कळतं, म्हणून सांगते. काही माणसांच्या बोलण्यात एक ऊब असते, ऐकणाऱ्याला वाटतं हा फक्त माझ्याशी बोलतोय. दीड महिन्यात त्यानं एकदाही आवाज चढवला नाही. दिगूदादांना तो आवडत नसे. का, ते त्यांना सांगता यायचं नाही.

“लई साफ बोलतो,” एवढंच ते म्हणायचे. “माणूस बोलताना कुठंतरी अडखळतो की. हा पोरगा कधी माईकच्या बाहेर जात नाही.”

या दोघांची जोडी जिंकणार हे शेवटच्या आठवड्यात सगळ्यांना दिसतच होतं. पण जिंकणं सोपं होतं, बक्षीस घेणं अवघड. कार्यक्रमाची मेख तिथंच मारली होती. विजेत्या जोडीनं अंतिम सोहळ्यात स्टेजवर पाठीला पाठ लावून उभं राहायचं. दोघांसमोर दोन-दोन पाकिटं. एकावर ‘आपले’, एकावर ‘माझे’. दोघांनी ‘आपले’ उचललं तर पंधरा-पंधरा लाख. एकानं ‘आपले’ आणि दुसऱ्यानं ‘माझे’ उचललं, तर ‘माझे’वाल्याला अख्खे तीस, दुसऱ्याच्या हातात भोपळा. आणि दोघांनी ‘माझे’ उचललं तर कुणालाच काही नाही. हे सगळं थेट प्रक्षेपणात. कार्यक्रमाच्या प्रमुख वैजयंती मॅडम म्हणायच्या, “प्रेम दीड महिना दाखवलंय, आता शेवटची दहा मिनिटं माणूस दाखवू.”

सोहळ्याच्या आदल्या दिवशी सकाळी दोघं पडवीत बसून बोलत होते.

“उद्या ‘आपले’च उचलायचं ना?” सारिकानं विचारलं.

“हा काय प्रश्न झाला?” शार्दूल म्हणाला. “तुला गाळा, मला जिम. आणि मग दोघांना मिळून एक घर.”

“शपथ घे.”

“तुझी शपथ.”

मग त्यानं तिला जवळ घेतलं. दोन माईक दोन छातींच्या मध्ये दाबले गेले की शब्द बंद होतात आणि ठोके ऐकू यायला लागतात. आमच्या धंद्यात नवलाईची गोष्ट नाही ती. सारिकाचं काळीज धावत सुटलं होतं. त्याचं मात्र संथ चालू होतं, जेवून पडलेल्या माणसाचं चालतं तसं. मी दिगूदादांकडे पाहिलं. त्यांनीही ऐकलं होतं. त्यांनी आवाजाची पट्टी खाली ओढली आणि चहा आणायला गेले.

त्याच दिवशी दुपारी तीनची वेळ. घरात सगळे आडवे झाले होते. दिगूदादा बाहेर लॉनवर स्टेजचे माईक तपासत होते, मी आत एकटीच होते. शार्दूल कपड्यांच्या खोलीत बॅग भरत होता. चेन ओढल्याचा आवाज, कपाटाचं दार, आणि मग त्याचा आवाज आला. हळू, पण एकेक शब्द सुटा.

“उद्या ‘माझे’. ठरलं. ती ‘आपले’ उचलणारच, भोळी आहे. तीस लाख एकदा हातात आले की कोण सारिका आणि कुठली बार्शी.”

थोडा वेळ नुसता श्वास. मग पुन्हा, “रडेल चार दिवस. रडू दे.”

मी हेडफोन काढून टेबलावर ठेवले आणि परत लावले, जणू दुसऱ्यांदा लावल्यावर वेगळं काही ऐकू येणार होतं. तो आता गुणगुणत होता. समोर डिस्कवर लाल दिवा लुकलुकत होता, सगळं रेकॉर्ड होत होतं. दिगूदादा परत आले तेव्हा मी त्यांना सांगणार होते. पण ते काय म्हणणार हे मला आधीच माहीत होतं, म्हणून मी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी सोहळ्यासाठी माईक लावायला सारिका माझ्या खोलीत आली. मोरपंखी रंगाची साडी, केसांत अबोलीचा गजरा. ती आनंदात होती. डबीचं बटण मी सगळ्यात शेवटी दाबायची, तोवर माईक बंद. म्हणजे माझ्याकडे मोजून दोन मिनिटं होती.

“सारिका, ऐक. मधे बोलू नकोस,” मी तिच्या मानेमागून म्हटलं. “तो ‘माझे’ उचलणार आहे.”

तिच्या खांद्यांची हालचाल थांबली.

“कोण म्हणालं?”

“तोच. काल दुपारी, एकटा असताना. मी माझ्या कानांनी ऐकलंय. तू ‘आपले’ उचलणार हे त्याला पक्कं माहीत आहे. तुला भोळी म्हणाला.”

“चेष्टा करताय का ओ?”

“नोकरी पणाला लावून चेष्टा करेन का मी?”

ती वळली. मी तिचा चेहरा दीड महिन्यात इतक्या जवळून पहिल्यांदा पाहत होते, कारण ती नेहमी पाठ करून उभी असायची. त्या चेहऱ्यावर रडू नव्हतं. आधी काहीच नव्हतं आणि मग हळूहळू राग चढत गेला.

“आणखी काय म्हणाला?”

सांगायला नको होतं. सांगितलं. “कोण सारिका आणि कुठली बार्शी, असं.”

“म्हणजे मी काही उचललं तरी माझा गाळा गेलाच,” ती म्हणाली. हिशोब तिनं माझ्याआधी केला होता. “‘आपले’ उचललं तर सगळं त्याला. ‘माझे’ उचललं तर कुणालाच नाही.”

“हो.”

“मग कुणालाच नाही,” ती म्हणाली. “मला वेड्यात काढून तो जिम उघडणार असेल, तर नकोच कुणाला.”

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. आपण एका पोरीची अब्रू वाचवली असं वाटलं. पण लगेच माझं मला आठवलं आणि मी तिचा दंड धरला.

“माझं नाव कुठं यायला नको हं. माझी नोकरी जाईल. दंड भरायला मी मेले तरी पैसे नाहीत माझ्याकडे.”

“नाही घेणार,” ती म्हणाली. “देवाशप्पथ नाही घेणार.”

मी बटण दाबलं.

स्टेजवर दोघं पाठीला पाठ लावून उभे राहिले. सूत्रसंचालकानं नको तेवढा वेळ खाल्ला. लॉनवर तीनशे माणसं, पुढच्या रांगेत सारिकाचे आईवडील, वडिलांच्या डोक्यावर पांढरी टोपी. मी स्टेजच्या डाव्या बाजूला पडद्याआड उभी होते, माईक बिघडला तर धावायला. तीन म्हटल्यावर दोघांनी पाकिटं उचलून डोक्यावर धरली.

सारिकाच्या हातात ‘माझे’.

शार्दूलच्या हातात ‘आपले’.

लोकांना कळायला एक क्षण लागला. मग जो काही आवाज उठला, तसा मी आजवर पुन्हा ऐकला नाही. ओरडणं नव्हतं ते, तीनशे माणसांनी एकदम ‘शी’ म्हटलं होतं. सारिका वळली. तिनं त्याच्या हातातलं पाकीट पाहिलं. मग ती ते पुन्हा पुन्हा पाहत राहिली, अक्षरं बदलतील अशा आशेनं.

शार्दूल हसला. फार सुंदर हसला. डोळ्यांत पाणी होतं आणि माईक त्याच्या ओठांपासून बरोबर वीतभर लांब होता.

“तिला गरज जास्त होती,” तो म्हणाला. “माझी काही तक्रार नाही. माझं प्रेम आहे तिच्यावर.”

बायका रडायला लागल्या. सूत्रसंचालकानंही डोळे पुसले, खरंच की खोटं देव जाणे. त्यानं सारिकासमोर माईक धरला.

“सारिका, सगळा महाराष्ट्र विचारतोय. का?”

तिनं पडद्याकडे पाहिलं. माझ्याकडे. फक्त एवढंच, मान किंचित वळवून, जेमतेम दोन सेकंद. मी हललेसुद्धा नाही. मूग गिळून उभी राहिले आणि मनात एकच गोष्ट म्हणत होते, नाव घेऊ नकोस, नाव घेऊ नकोस.

“मला सांगता येणार नाही,” ती म्हणाली.

वडिलांनी टोपी काढून हातात घेतली आणि उठून चालू लागले. मागून कुणीतरी चप्पल भिरकावली, ती स्टेजपर्यंत पोचली नाही. वैजयंती मॅडम माझ्या शेजारी उभ्या होत्या, त्यांनी माझ्या हाताला चिमटा काढला. “बघ, बघ, काय झालंय हे! असं लिहून सुचलं नसतं.”

तासाभरानं मी मागच्या खोलीत वायरी गुंडाळत होते. मुलांचे माईक दिगूदादांकडे परत जायचे, पण शार्दूल स्वतः माझ्याकडे आला. त्यानं डबी टेबलावर ठेवली. बंद करून.

“आवाज नीट आला होता ना, ताई?”

“आला. सगळा आला,” मी म्हटलं. मला त्याची दया येत होती. माझ्या ऐकण्यातच काही चूक झाली का, याचाच मी विचार करत होते.

“आजचा नाही विचारत. कालचा. दुपारी तीनचा.”

मी वर पाहिलं.

“कपड्यांच्या खोलीत आवाज घुमतो, म्हणून सावकाश बोललो,” तो म्हणाला. “दिगूदादा लॉनवर दिसत होते, म्हणजे आत तुम्ही एकट्याच. ते असते तर उपयोग नव्हता. ते पक्के आहेत.”

“तू मला ऐकवत होतास?”

“गच्चीवरसुद्धा तुम्हालाच ऐकवलं होतं. पट्ट्याला कापड लागतंय का बघायला. लागलं. सारिका दिवसभर कौतुक करत होती, ताईंना न सांगता कळलं म्हणून. तेव्हा मला समजलं, की आतल्या बाईला ऐकलेलं पोटात ठेवता येत नाही.”

त्याच्या बोलण्यात कुठं उर्मटपणा नव्हता. डॉक्टर तपासून झाल्यावर समजावून सांगतात, तसं सांगत होता.

“पण का? तुला तर एक पैसा मिळाला नाही.”

“मिळेल की,” तो म्हणाला. “घाई कसली आहे? तिनं ‘आपले’ उचललं असतं तर निम्मे मिळाले असते. आता सगळे मिळतील. आणि ती स्वतःहून आणून देईल.”

दारापाशी जाऊन तो थांबला. “तुम्ही काळजी करू नका. मी कुणाला सांगणार नाही. तुमची नोकरी महत्त्वाची आहे.”

त्या क्षणी माझ्यासमोर डिस्क होती. दुपारी तीन वाजून दहा मिनिटं, त्याचा माईक, त्याचे शब्द. वैजयंती मॅडम पन्नास पावलांवर होत्या. उठून गेले असते तर? रेकॉर्डिंग ऐकवलं असतं तर पहिला प्रश्न आला असता, हे सारिकाला कुणी सांगितलं? मी वायरी गुंडाळत बसले. उद्या सांगू म्हटलं. आधी भावाला विचारू म्हटलं. मग बातम्या सुरू झाल्या, सारिकाच्या नावानं लोक शिव्या लिहू लागले, तिच्या फोटोवर काय काय चिकटवू लागले, आणि जेवढा उशीर होत गेला तेवढं सांगणं अवघड होत गेलं. शार्दूल सगळ्या मुलाखतींत एकच म्हणायचा, “तिला बोल लावू नका, ती मनानं चांगली आहे.” त्यानं असं म्हटलं की लोक आणखी चवताळायचे.

दोन महिन्यांनी चॅनलनं खास भाग ठेवला, पुण्यात, एका लग्नाच्या हॉलमध्ये. ‘सारिका परत येतेय’ अशी जाहिरात होती. आतली बातमी आम्हा कामाच्या माणसांना आधीच होती. सारिका सगळ्या रकमेचा चेक शार्दूलच्या हातात देणार, सर्वांसमोर माफी मागणार आणि तो तिला अंगठी घालणार. हारतुरे, सनई, सगळी तयारी झाली होती.

ती माईक लावायला आली तेव्हा मी तिला ओळखलं नाही. गालफडं बसली होती आणि दर शब्दाआधी दाराकडे बघायची सवय लागली होती. मी दार लावून घेतलं.

“सारिका, हा चेक देऊ नकोस,” मी म्हटलं. दोन महिने घोकलेलं एका दमात बाहेर पडलं. “त्यानं आपल्या दोघींना फसवलं. मी ऐकतेय हे माहीत असूनच तो बोलला होता. मी तुला सांगावं म्हणूनच बोलला.”

“मला माहीत आहे,” ती म्हणाली.

“काय?”

“त्यानंच सांगितलं. परवा अंगठी घ्यायला गेलो होतो, लक्ष्मी रोडला. सोनाराकडं बसलो होतो तेव्हा सांगितलं, हसत हसत. मला वाटलं आधी, चेष्टाच करतोय.”

“आणि तरी तू देणार आहेस?”

“गाळ्याच्या मालकानं डिपॉझिट परत केलं ताई. म्हणाला, आमच्याकडं असली माणसं नकोत. डॉक्टरांनी कामावरून काढलं, पेशंट माझा हात लावून घेईनात. स्वारगेटला रिक्षावाल्यानं ओळखलं आणि मधेच उतरवलं. आई देवळात जायची थांबली.” ती हे सगळं सपाट आवाजात सांगत होती. “हा बरोबर असला की कुणी बोलत नाही. हा माझ्या खांद्यावर हात ठेवतो आणि सांगतो, माझी आहे ही, की लोक गप्प बसतात. हसून बोलतात माझ्याशी. त्याच्यावाचून मला रस्त्यानं चालता येईना झालंय.”

“अगं, पण तसल्या माणसाबरोबर जन्म काढणार आहेस?”

“दुसरा कोण तयार आहे?”

बाहेर सनईवाले सूर जुळवत होते. मग मी जे बोलले ते दोन महिन्यांपूर्वी बोलायला हवं होतं, हे मला बोलतानाच कळत होतं.

“मी स्टेजवर येते. आत्ता, तुझ्याबरोबर. सगळ्यांसमोर सांगते की तुला मी सांगितलं होतं. जाऊ दे नोकरी. भरीन दंड.”

पहिल्यांदा तिच्या डोळ्यांत काहीतरी हललं. ती माझ्या अगदी जवळ आली आणि तिनं ते मोठे, मजबूत हात माझ्या दोन्ही मनगटांवर ठेवले.

“तुमच्या नुसत्या तोंडाचं कोण ऐकणार ओ ताई? लोक म्हणतील, पैसे देऊन बोलायला आणली. ते रेकॉर्डिंग आहे ना पण? त्याच्या आवाजातलं?”

मी तिच्या हातांकडे पाहिलं.

काम संपलं की महिन्याभरानं डिस्क पुसायच्या आणि पुढच्या शूटिंगला द्यायच्या, हे असिस्टंटचं काम. दिगूदादांनी यादी दिली होती आणि मी एकेक पुसत गेले होते. त्या दिवसाची डिस्क हातात आली तेव्हा मला ती कसली आहे हे कळलं नाही, असं सांगायला मला आवडलं असतं. मला कळलं होतं. मी ती बाजूला काढून ठेवली, जेवून आले, आणि मग पुसली. पुसल्यावर मला हलकं वाटलं होतं.

“आहे ना?” तिनं पुन्हा विचारलं.

“नाही. पुसलं गेलं.”

“कुणी पुसलं?”

“मी.”

तिनं माझी मनगटं सोडली. ती रडेल असं वाटलं, ओरडेल असं वाटलं, निदान मला एक थोबाडीत मारेल असं वाटलं. मला ते सगळं चाललं असतं. पण ती नुसती मान हलवत राहिली, एखादी ऐकीव गोष्ट खरी निघाल्यावर माणूस हलवतं तशी.

“परवा मी त्याला विचारलं होतं,” ती म्हणाली. “म्हटलं, ताईंकडं तुझं सगळं बोलणं रेकॉर्ड आहे. उद्या त्यांनी ते लोकांना ऐकवलं तर काय करशील?”

“मग? काय म्हणाला?”

“म्हणाला, त्या बाईची काळजी करायचं कारण नाही. ती स्वतःच पुसून टाकेल.”

बाहेर तिच्या नावाची घोषणा झाली. सारिकानं पर्समधून चेक काढला, दोन्ही हातांत सरळ धरला आणि दार उघडून स्टेजकडे चालू लागली.